कम सप्टेंबर

लहानपणी मला पक्कं ठाऊक होतं की 'कम सप्टेंबर' हे नाव आपल्याच भाषेतलं आहे. कम म्हणजे कमी. मामूनेच तसं सांगितलं होतं. मी एकदा विचारलं, "मामू, इसको कम सप्टेंबर कायको बोलते?" मामू क्लॅरिनेटची रीड जिभेवर ओली करत बसला होता. ती तोंडातून न काढताच म्हणाला, "सप्टेंबरमें काम कम रहता नै क्या? इसलिए."

यात खोटं काहीच नव्हतं. बँडवाल्याच्या वर्षात सप्टेंबर हा खरोखरच कमी कामाचा महिना. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत हिंदूंची लग्नं नाहीत, त्यात मधे पितृपंधरवडा. मुसलमानांची काही लग्नं असतात, पण त्या वेळी आमच्या मोहल्ल्यात बँड लावणारे किती? गणपतीचे दहा दिवस तेवढे हाताला काम, बाकी सगळा महिना मामू आमच्या घरी चहाच्या वेळेला हमखास यायचा आणि अम्मी त्याला जेवूनच पाठवायची. म्हणून मला ते नाव पटलं. गरिबीचं गाणं असणार, असं मी धरून चाललो. फक्त ते इतकं खुशीचं का आहे, हे काही कळत नव्हतं.

मामू म्हणजे अम्मीचा धाकटा भाऊ. मिरजेतल्या एका ब्रास बँडमध्ये तो क्लॅरिनेट वाजवायचा. बँडमध्ये क्लॅरिनेटवाल्याला 'मास्टर' म्हणतात. चाल तो उचलतो, बाकीचे त्याच्या मागे. त्या काळी हातगाडीवर ॲम्प्लिफायर आणि दोन भोंगे असायचे, क्लॅरिनेटच्या तोंडाशी माइक बांधलेला असायचा आणि त्याची वायर सांभाळायला एक पोरगा मागे चालत असायचा. ट्रंपेटवाले दोघे, युफोनियमवाला एक म्हातारा, साइड ड्रम, मोठा ढोल, झांजा. रात्रीच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायका दोन्ही बाजूंनी. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुरेवाली टोपी. पायात मात्र ज्याची त्याची चप्पल. वरून पाहिलं तर राजाची फौज, खालून पाहिलं तर आमची गल्ली.

लग्नसराई सुरू व्हायच्या आधी महिनाभर तालीम चालायची. रेल्वे स्टेशनच्या बाजूला बँडमालकाचं एक पत्र्याचं गोदाम होतं, तिथे. मी सात-आठ वर्षांचा असेन, म्हणजे १९८१-८२ची गोष्ट. शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथे. मालक मराठा होता, तोंडाने कडक पण पोरांना हाकलायचा नाही. मला एक खुळखुळा दिला होता. चाल चालू असताना तो हलवायचा, एवढंच काम. मी तो इतका मन लावून हलवायचो की ढोलवाला म्हणायचा, "अरे बाबा, ठेका मैं धरताय, तू नै."

त्या गोदामात अनेक चाली बसवल्या जात. नवी सिनेमाची गाणी, आरत्या, एक-दोन लावण्या, एक राष्ट्रभक्तीचं गीत. पण तालीम संपत आली, सगळे कंटाळले, चहा यायला उशीर झाला, की कुणीतरी म्हणायचं, "मास्टर, कम सप्टेंबर होऊन जाऊ दे." आणि तोवर भिंतीला टेकून बिडी ओढणारी माणसं उभी राहायची. साइड ड्रमवर आधी नुसती काठी फिरायची. मग मामू त्या चालीत शिरायचा, पहिली ओळ एकटाच. दुसऱ्या ओळीला ट्रंपेट जवाब द्यायचे. शब्द नव्हते, गाणारं कुणी नव्हतं, हिरो-हिरॉइन नव्हती, तरी त्यात कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय आणि दुसरा 'आलो आलो' म्हणतोय, असं मला स्पष्ट ऐकू यायचं. सिनेमाचं गाणं ऐकलं की आपल्याला ते सिनेमातलं माणूस दिसतं. या धुनेत मला हवं ते दिसायचं. बहुतेक वेळा रेल्वे दिसायची, मिरज जंक्शनमधून बाहेर पडणारी, आणि मी दारात उभा.

दुसऱ्या भागात एके ठिकाणी मामू एक गिरकी घ्यायचा. वर जाऊन लगेच खाली न येता तिथेच दोनदा फिरायचा आणि मग पायऱ्या उतरल्यासारखा खाली. ढोलवाला त्या दोन फेऱ्यांसाठी हात वर धरून थांबायचा. त्या थांबण्यात माझा श्वास अडकायचा. आजही ती जागा आठवली की अडकतो.

माझे अब्बा रेल्वेत कारकून. त्यांना हे जाणं-येणं आवडत नसे. त्यांनी कधी 'हराम' हा शब्द वापरला नाही, तो पुढे दुसऱ्यांनी वापरला. अब्बांचा शब्द होता 'बाजेवाले'. "बाजेवालोंमें बैठके क्या सीखेगा?" एवढंच. अम्मी यावर काही बोलायची नाही. भाऊ तिचा होता.

इथे मिरजेबद्दल थोडं सांगायला हवं. आमचं गाव वाद्यांचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी सतारी बनवायला सुरुवात केली आणि सतारमेकर गल्लीतली मुसलमान घरं आजही भोपळा कोरून सतारी-तंबोरे करतात. २०२४ मध्ये त्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ साली ते गेले आणि तेव्हापासून उरुसात त्यांच्या नावाने गाणं होतं. मोठमोठे गवई दर्ग्याच्या आवारात बसून गायले आहेत. म्हणजे ज्या गावात दर्ग्यात गाणं चालतं, सतारीच्या तारेवर घरं चालतात, त्या गावात गाण्याला नावं ठेवायची सोय नव्हती. तरी मामूला नावं ठेवली जात. कारण खाँसाहेब वेगळे आणि बाजेवाला वेगळा. बैठकीत लोक खाली बसून ऐकतात, वरातीत लोक ऐकत नाहीत, नाचतात. आणि ज्याच्या वाजवण्यावर लोक नाचतात त्याला जेवायला शेवटी बसवतात, बहुतेक वेळा मांडवाच्या बाहेर. आपल्यात जात नाही असं आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. सोयरीक जमवायच्या वेळी मात्र 'लडके का मामू क्या करता?' हा प्रश्न येतोच. माझ्या मोठ्या बहिणीच्या वेळी आला होता. अम्मीने सांगितलं, "म्युझिकमें हय." त्यांना वाटलं, सतारमेकर.

मामूचे स्वतःचे नियम होते. रमजानमध्ये क्लॅरिनेट पेटीत. कितीही मोठी सुपारी असो. मालकाला हे माहीत होतं, तो त्या महिन्यात सांगलीहून दुसरा मास्टर आणायचा. आणि अजान कानावर आली की वाद्य खाली. मिरजेची गणपतीची मिरवणूक म्हणजे दिवस आणि रात्र एक होते, चौकाचौकात मोठमोठ्या स्वागत कमानी. अशाच एका मिरवणुकीत, मी बहुतेक नऊ वर्षांचा, मशिदीच्या अलीकडे बँड शांत झाला. रिवाजच होता तो. सगळे मुकाट्याने चालत होते, फक्त पायांचा आवाज. मामूने तुरेवाली टोपी काढून बगलेत धरली. मशीद मागे पडल्यावर पुन्हा डोक्यावर चढवली, रीड ओली केली आणि सुरुवात केली ती कम सप्टेंबरने. मंडळाची पोरं वेडी होऊन नाचली. माझ्या डोक्यात ते चित्र तसंच राहिलंय. पुढे या विषयावर पेपरात आणि टीव्हीवर जे जे वाचलं-ऐकलं, त्यात मामूच्या बगलेतली ती टोपी कुठेच नव्हती.

मी बारा वर्षांचा असताना मला कळलं की ही धून मामूची नाही. तोपर्यंत तसं कधी विचारलंच नव्हतं. सांगलीत एक कॅसेटचं दुकान होतं. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की दुकानदार गाणी भरून द्यायचा. दोन ईदींचे पैसे साठवून मी साठ मिनिटांची कॅसेट घेतली आणि यादीत एकच नाव लिहिलं. दुकानदार म्हणाला, "एकच? बाकीच्या जागेत काय भरू?" मी म्हटलं, तेच. तो हसला आणि म्हणाला, "इंग्लिश पिक्चरचं म्युझिक आहे ते, बिली वॉनचं. एवढ्यांदा कशाला?" इंग्लिश पिक्चर! मी काही बोललो नाही. शेवटी त्याने ती धून तीनदा भरली आणि उरलेल्या जागेत स्वतःच्या पसंतीचं काहीबाही.

घरी आणून टेपवर लावली आणि माझा चेहरा पडला. हे काय? यात ढोल नव्हता. क्लॅरिनेट नव्हतं. दोन सॅक्सोफोन एकमेकांच्या हातात हात घालून चालल्यासारखे, गुळगुळीत, इस्त्री केलेले. कुणाला धाप लागत नव्हती. आणि ती जागा आली, जिथे मामू दोनदा फिरतो, तिथे हे लोक सरळ खाली उतरून मोकळे. मला वाटलं, चुकले. बिली वॉन चुकला. मी कॅसेट मागे घेऊन पुन्हा ऐकली. पुन्हा चुकला.

मामूला ऐकवली तेव्हा तो पाट्यावर बसल्यासारखा टेपपुढे बसला आणि डोळे मिटून तिन्ही वेळा ऐकली. मग म्हणाला, "अच्छा बजाते. साहब लोग हय." त्याने ती चाल कुणाकडून घेतली, असं विचारलं तर म्हणाला, त्याच्या उस्तादाकडून, आणि उस्तादाने मुंबईच्या कुठल्याशा बँडकडून. गिरकी? ती कुणाची? मामू म्हणाला, एकदा वरातीत नवरदेवाचा घोडा बिथरला आणि अडून बसला, पुढे सरकेना, म्हणून मामू तिथेच दोनदा फिरला. लोकांना आवडलं. राहिलं.

खरी हकिकत मला पुढे कळली, ती इथे थोडक्यात सांगतो. 'कम सप्टेंबर' हा १९६१ चा अमेरिकन सिनेमा. रॉक हडसन आणि जिना लोलोब्रिजिडा. श्रीमंत अमेरिकन माणूस, इटलीत त्याचा बंगला, दर सप्टेंबरला तो तिथे येतो. एका वर्षी जुलैतच येऊन टपकतो आणि पाहतो तर काय, राखणदाराने बंगल्याचं हॉटेल करून टाकलंय, मालक येतो तो एक महिना सोडून. मी हा सिनेमा चाळिशीत पाहिला आणि खरं सांगतो, मला त्यातला हिरो तो राखणदारच वाटला. धून लिहिली ती बॉबी डॅरिनने, जो त्या सिनेमात कामही करतो. बिली वॉनच्या ऑर्केस्ट्राने ती वाजवली आणि तीच रेकॉर्ड हिंदुस्थानात घरोघर पोचली. हा डॅरिन चमत्कारिक माणूस. लहानपणीच्या तापाने काळीज कमजोर झालेलं, आपण फार जगणार नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि १९७३ मध्ये ३७ व्या वर्षी तो गेलाच. ज्या बाईला तो जन्मभर आई समजला ती त्याची आजी निघाली आणि जिला बहीण समजला ती आई. हे त्याला वयाच्या तिशीनंतर कळलं. हे वाचलं तेव्हा मला ती कॅसेट आठवली. धुनेचंही माझ्यापुरतं तसंच झालं होतं. मी मामूला बाप समजत होतो.

त्या कॅसेटचा मला फायदा झाला तो शाळेत. आठवीला मी सांगलीच्या शाळेत जायला लागलो होतो. तिथे चांगल्या घरची मुलं, व्यापाऱ्यांची, डॉक्टरांची. माझी भाषा थोडी वेगळी, डबा वेगळा. इंग्लिश म्युझिक ऐकणारा मुलगा म्हणून माझी तिथे जरा किंमत वाढली. 'बिली वॉन' हे नाव मी असं टाकायचो की जणू आमच्या घरी रोज तेच वाजतं. मामूचा उल्लेख मी केला नाही. कुणी विचारलंही नाही, त्यामुळे खोटं बोलावं लागलं नाही. असं मी स्वतःला सांगत असे.

१९८७ साली वर्गातल्या एका मित्राच्या भावाचं लग्न होतं, सांगलीतच, मोठ्या कार्यालयात. मला खास बोलावणं. अम्मीने नवा बुशशर्ट शिवून घेतला. संध्याकाळी वरात निघाली. आम्ही पाच-सहा मुलं पुढे नाचायला. बँड कार्यालयाच्या वळणावरून आला आणि मी पाहिलं, लाल कोटात मामू.

मला वाटलं होतं, मामूचा बँड मिरजेतच वाजवतो. त्याने मला पाहिलं. मी पाहिलं की त्याने पाहिलं. त्याचं तोंड क्लॅरिनेटवर होतं, त्यामुळे हसला की नाही ते कळलं नाही, पण भुवया वर गेल्या, घरी दारात आला की जातात तशा. मी मान फिरवली.

पुढचं मित्राने केलं. त्याला माझी आवड माहीत. तो खिशातून दहाची नोट काढून म्हणाला, "याला कम सप्टेंबर वाजवायला सांग. तुझं आहे ना ते इंग्लिश!" सगळे ओरडले, सांग सांग. मला पुढे ढकललं. रीत अशी की नोट नवरदेवावरून ओवाळायची आणि मास्टरच्या हातात द्यायची. मी ओवाळली. मामूसमोर जाऊन उभा राहिलो. आता तो 'अरे बेटा' म्हणणार, डोक्यावर हात ठेवणार, आणि सगळ्यांना कळणार, अशी माझी छाती धडधडत होती.

मामूने नोट घेतली. दोन बोटांनी कपाळाला लावली आणि मला सलाम केला. तो प्रत्येक नोट देणाऱ्याला करायचा तोच, मान थोडी झुकवून. डोळ्यांत ओळख नाही. "कौनसा बजाना, शेठ?" म्हणाला. मी तेरा वर्षांचा. माझ्या मामूने मला शेठ म्हटलं.

मी म्हणालो, "कम सप्टेंबर."

त्याने ते वाजवलं. आजवर मी ऐकलेल्यात सगळ्यात सुंदर वाजवलं की मला तसं वाटतंय, हे आता सांगता येणार नाही. गिरकीच्या जागी तो दोनदा नाही, चारदा फिरला. ढोलवाला हात वर धरून थांबला तो थांबलाच. मित्र नाचत होते. मीही नाचलो. नाचावंच लागलं. नंतर जेवणाच्या पंगतीला मी आत मुलांबरोबर बसलो होतो. बँडवाले मागच्या गेटपाशी पत्रावळी घेऊन बसले होते. हात धुवायला मी तिकडून गेलो नाही, लांबच्या नळावर गेलो.

दोन दिवसांनी मामू घरी आला. जिलबी आणली होती, लग्नसराईत पैसे आले की आणायचाच. अम्मीला म्हणाला, सांगलीत बजाया, बड़ी शादी थी. माझ्याकडे बघून, "तू खा ना." बस्स. ना त्याने काही काढलं, ना मी. त्यानंतर मी गोदामात तालमीला गेलो नाही. अभ्यास वाढला होता, असं सगळ्यांना सांगितलं. अब्बांना बरं वाटलं.

मग नव्वदचं दशक आलं. मोहल्ल्यात जमाती यायला लागल्या, आणि एका तरुणाने मामूला मशिदीच्या पायरीवरच सुनावलं की तुझी रोजी हराम आहे, या पैशांचा घास पोटात असताना दुवा कबूल होत नाही. मामू त्याला उलट बोलला नाही. क्लॅरिनेट डांबराच्या गोळ्यांसकट ट्रंकेत ठेवलं आणि चाळीस दिवसांच्या चिल्ल्याला गेला. मी तेव्हा कॉलेजात, पुस्तकं वाचायला लागलेलो. मी त्याला सांगितलं की इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर, म्हणजे ऐकण्यावर, एक पूर्ण भाग लिहिलाय, त्यात ते गाण्याला सरसकट हराम म्हणत नाहीत, ऐकणाऱ्याच्या दिलात काय आहे ते बघतात. चिश्ती बुजुर्गांचं उदाहरण दिलं. मामूने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गझालीसाबने वरातका लिखा क्या?" मी गप्प झालो. वरातीबद्दल त्यांनी काही लिहिलं नसावं.

उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत आणि राहतील, मी त्यांच्यात न्याय करणारा कोण. माझी तक्रार वेगळी आहे. मामूला पायरीवर सुनावणाऱ्याने, किंवा त्याला शेवटी जेवायला वाढणाऱ्याने, किंवा मी, आमच्यापैकी कुणी कधी त्याला शेजारी बसवून 'वाजव, ऐकतो' म्हटलं का? चिल्ल्याहून आला तेव्हा नोव्हेंबर लागला होता, तुळशीचं लग्न झालं होतं, मालक दारात उभा होता आणि घरभाडं तीन महिन्यांचं थकलं होतं. ट्रंक उघडली गेली.

१९९५ मध्ये 'राजा' सिनेमा आला, माधुरीचा. नदीम-श्रवण यांचं संगीत. त्यातलं एक गाणं ऐकून मी पुण्यातल्या खोलीत उठून बसलो. कम सप्टेंबर! तीच चाल, आता शब्द घालून. मला राग आला. मामूला मात्र आनंद झाला. नवीन गाणं आलं की बँडला आठवडाभर तालीम करावी लागते, आणि हे तर न शिकताच येत होतं. सिनेमा लागला त्याच आठवड्यात लोक वरातीत 'राजातलं वाजवा' म्हणाले, मामूने वाजवलं आणि लोक चाट पडले, एवढ्या लवकर कसं बसवलं! ते दोन हंगाम त्याचे बरे गेले. मधली गिरकी मात्र लोकांना अडचणीची वाटायला लागली. सिनेमात ती नव्हती, नाच चुकायचा. मालकाने सांगून ती काढायला लावली.

नंतर बेंजो पार्ट्या आल्या, मग डॉल्बी. डॉल्बीसमोर क्लॅरिनेट म्हणजे समुद्रात थुंकणं. बँड फुटला. लाल कोट कुठे गेले माहीत नाही. मामू काही वर्षं एका दवाखान्यात रात्रीचा वॉचमन होता. मी नोकरीत स्थिरावलो, पैसे पाठवत गेलो. पैसे पाठवणं सोपं असतं.

गेल्या पावसाळ्यात मिरजेला गेलो होतो. मामू आता ऐंशीच्या घरात. छातीचा त्रास आहे, दोन वाक्यं बोलला की थांबतो. एक कान गेलाय, वर्षानुवर्षं भोंग्याच्या बाजूचा. मी खाटेवर बसून फोन काढला आणि बिली वॉन लावला, चांगल्या कानाशी धरला. त्याला लगेच कळलं. "साहब लोगवाला," म्हणाला.

धून संपल्यावर मी म्हटलं, "मामू, एक बात बोलनी थी. वो सांगलीकी शादी... मैं आठवीमें था..."

"कौनसी शादी?"

"बड़े कार्यालयवाली. मैंने दस रुपये दिया."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हजारों शादियाँ बजाया रे बाबा. किसको याद रहता?" आणि हात हलवून, "फिरसे लगा."

मी पुन्हा लावली. त्याने डोळे मिटले. चादरीवर त्याची बोटं चालायला लागली, दोन्ही हातांची, क्लॅरिनेटवर चालतात तशी, वरचा हात वर, खालचा खाली. पहिला भाग बरोबर गेला. दुसऱ्या भागात ती जागा आली. फोनमधले सॅक्सोफोन सरळ खाली उतरून पुढे गेले. मामूची बोटं तिथेच फिरली. एकदा, दोनदा. मग तिसऱ्यांदा. तोवर धून पार पुढे निघून गेली होती. त्याने डोळे उघडले, कपाळाला आठी, फोनकडे बोट करून म्हणाला, "बंद कर. ये लोग रुकतेच नै."